गेलेल्या बाळाचंही निदान झालंच पाहिजे

"मन घट्ट करा. पुढच्या वेळी सगळं नीट होईल."

नवजात बाळ दगावल्यावर आईबापांच्या कानावर हे वाक्य हमखास पडतं. बोलणाऱ्याच्या मनात दयाच असते. रात्रभर बाळाला जगवायची धडपड केलेल्या डॉक्टरांकडे त्या घडीला द्यायला दुसरं काही उरलेलं नसतं, आणि बहुतेक घरांच्या बाबतीत हे वाक्य पुढे खरंही ठरतं. माझा आक्षेप उरलेल्या घरांसाठी आहे. तिथे ते खोटं असतं. खोटं आहे हे ओळखायची सोय वैद्यकशास्त्राकडे आज आहे, पण ती वापरलेली नसते. मग दोन वर्षांनी तेच आईबाप, तोच वॉर्ड आणि तशाच खुणा घेऊन आलेलं दुसरं बाळ. त्या दुसऱ्या वेळी 'दैवाची मर्जी' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मेंदूच्या घडणीतच दोष असलेलं बाळ जन्मलं, तर ते जगो वा जावो, त्याचं नेमकं निदान व्हायलाच हवं. सरकारी दवाखान्यात, सरकारच्या खर्चाने, आईबापांना हिंडायला न लावता. बाळ गेलं असेल तर अधिकच. मी हे का म्हणतो ते एका आजाराच्या आधाराने सांगतो.

बाळ जन्मतं तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला मऊ पिशवीसारखा फुगवटा दिसतो. कवटीतल्या फटीतून मेंदूचा काही भाग बाहेर आलेला असतो. पोट टम्म फुगलेलं, कारण दोन्ही मूत्रपिंडं पाण्याच्या गाठींनी भरून मोठी झालेली. हातापायांना सहावं बोट. फुप्फुसं पुरती वाढलेली नसतात, त्यामुळे श्वास टिकत नाही. काही तासांत बाळ जातं. कागदावर 'अनेक जन्मजात व्यंगं' एवढं लिहिलं जातं. घरचे त्याला घेऊन जातात, अंधार पडायच्या आत पुरतात, आणि दवाखान्यापुरती ती फाइल बंद होते.

पण असं दिसणाऱ्या बाळामागे कारणं वेगवेगळी असू शकतात, आणि आईबापांचं पुढचं आयुष्य त्यातलं कारण कोणतं यावर अवलंबून असतं. तेराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आली असेल, तर तो बहुतेक वेळा बीज तयार होतानाचा योगायोग असतो. पुन्हा तसंच होण्याची शक्यता साधारण १ टक्का. जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती मज्जानलिका गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत नीट मिटली नाही म्हणून मेंदू बाहेर आला असेल, तर ही शक्यता २ ते ५ टक्के. आणि तो मेकेल-ग्रूबर नावाचा आनुवंशिक आजार असेल, तर २५ टक्के. म्हणजे दर गरोदरपणात चारांत एक. पहिल्या दोन कारणांच्या वेळी डॉक्टर 'पुढच्या वेळी नीट होईल' म्हणाले तर ते जवळजवळ बरोबरच असतात. तिसऱ्या कारणाच्या वेळी तेच वाक्य आईबापांची दिशाभूल करतं.

दिशाभूल एवढ्यावर थांबत नाही. अशा आईला पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या जातात. हा सल्ला पक्क्या पुराव्यावर उभा आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मज्जानलिकेचा दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पण ते मज्जानलिकेच्या दोषासाठी. मेकेल-ग्रूबरवर या गोळ्यांचा उपयोग नाही, कारण तिथे कमतरता जीवनसत्त्वाची नसतेच. ती बाई तीन महिने आधीपासून एकही गोळी न चुकवता घेते, आणि तरी पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत तोच फुगवटा दिसतो. मग घरातले विचारतात, "गोळ्या नीट घेतल्या होत्यास ना?"

हे सगळं टाळायला पहिल्या वेळी काय लागलं असतं? बाळाची बोटं मोजणं. पोटाची सोनोग्राफी. डोक्याचा, हातांचा, पाठीचा एकेक फोटो. गुणसूत्रांची तपासणी. आणि दोन मिलिलिटर रक्त.

या आजाराची पहिली नोंदच मुळी भावंडांची आहे. जर्मनीतल्या हाले शहरात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या योहान फ्रीडरिख मेकेल यांनी १८२२ मध्ये दोन नवजात भावंडांचं वर्णन लिहिलं. दोघांच्या डोक्यामागे मेंदूचा फुगवटा, दोघांच्या मूत्रपिंडांत गाठी, दोघांना जास्तीची बोटं, दोघांची टाळू दुभंगलेली. ग्रेगोर मेंडेल यांचा जन्मही त्याच वर्षीचा. वाटाण्यांवरचे त्यांचे प्रयोग जगापुढे यायला अजून चार दशकं होती. आनुवंशिकतेचा नियम कुणालाच ठाऊक नसताना मेकेल यांनी दोन्ही बाळं नीट पाहिली आणि ती एकाच आजाराने गेली हे लिहून ठेवलं. १९३४ मध्ये ग्रूबर यांनी या आजाराचं आणखी सविस्तर वर्णन केलं, आणि त्यामागचं पहिलं जनुक २००६ मध्ये हाती लागलं. आज अशी डझनभराहून जास्त जनुकं माहीत आहेत. एवढं सगळं हाताशी असताना आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावी गेलेल्या बाळाची बोटं कागदावर न येणं मला अक्षम्य वाटतं.

बोटं, मूत्रपिंड आणि मेंदू यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. शरीरातल्या बहुतेक पेशींवर केसासारखा एक अतिसूक्ष्म तंतू असतो. पेशीची ती अँटेना म्हणा. गर्भ घडत असताना आजूबाजूचे रासायनिक संदेश पेशी या तंतूवर पकडते: इथे बोट थांबव, इथे मेंदूचा मागचा भाग मिटव, इथे मूत्रपिंडाची नळी एवढीच रुंद ठेव. हा तंतू ज्या प्रथिनांनी बनतो त्यातलं एखादं बिघडलं, की संदेश पोहोचत नाहीत आणि एकमेकांपासून दूर असलेले अवयव एकाच वेळी चुकतात. म्हणून सहावं बोट ही इथे क्षुल्लक खूण नाही. आतल्या मेंदूचं आणि मूत्रपिंडाचं कारण ते बाहेरून दाखवत असतं, आणि ते दिसायला कसलंही यंत्र लागत नाही.

आता आनुवंशिक म्हणजे काय, हेही सरळ सांगायला हवं, कारण घराघरांत सगळ्यात जास्त जखमा याच शब्दाने होतात. आपल्या प्रत्येकाच्या अंगात काही बिघडलेली जनुकं असतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते, त्यामुळे माणूस ठणठणीत असतो आणि त्याला जन्मभर पत्ता लागत नाही. अशी दोन माणसं, नेमक्या त्याच जनुकात बिघाड असलेली, नवराबायको झाली, तर दर बाळाच्या वेळी चारांत एक शक्यता अशी, की दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत येईल. पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन निर्धोक, असा हिशोब नसतो. शक्यता दर वेळी पुन्हा पहिल्यापासून चारांत एक. आणि बिघाड येतो निम्मा आईचा, निम्मा बापाचा. अगदी बरोबर निम्मा.

हे वाक्य मला प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर लिहिलेलं पाहायला आवडेल. कारण निदान नसलं की ती रिकामी जागा आपली घरं भरून काढतात, आणि ती बाईला जबाबदार धरूनच भरतात. ग्रहणात तिने विळी हातात घेतली होती. सातव्या महिन्यात ती माहेरी जायला निघाली होती. तिच्या पायगुणानेच घराला लागलं. कुलदैवताचं काहीतरी राहून गेलं, तेही तिच्याच माहेरच्यांकडून. दुसरं बाळ तसंच निघालं की मुलाचं दुसरं लग्न करायची भाषा सुरू होते. बापाच्या रक्तात तोच बिघाड आहे हे सांगणारा अहवाल ज्या बाईच्या हातात असतो, तिला घरात उभं राहायला जागा मिळते. 'निदान करून तरी काय उपयोग, बाळ तर गेलंच' असं म्हणणाऱ्यांनी हा उपयोग आधी मोजावा. निर्दोष असल्याचा लेखी पुरावा मिळणं ही आरोग्यसेवाच आहे.

बाळ बाहेरून अगदी नीट दिसतं तेव्हा चूक आणखी सहज घडते. नऊ महिने भरलेले, वजन चांगलं, पण बाळ रडलं नाही, दुसऱ्या दिवसापासून झटके सुरू झाले, पेटीत ठेवलं, सहाव्या दिवशी गेलं. कागदावर कारण लिहिलं जातं की जन्मताना बाळ गुदमरलं. पुष्कळ वेळा ते खरं असतं. पण काही आनुवंशिक आजार हुबेहूब असेच दिसतात; मॉलिब्डेनम कोफॅक्टर या, शरीरातल्या काही विकरांना लागणाऱ्या घटकाच्या कमतरतेत तर एमआरआयवरचा मेंदूही प्राणवायू न मिळालेल्या बाळासारखाच दिसतो. अशा घरात दोष दाईवर, नर्सवर किंवा 'सिझर करायला उशीर केला' म्हणून डॉक्टरवर जातो. भांडणं होतात, काचा फुटतात. आणि पुढच्या बाळंतपणाला मोठं रुग्णालय निवडूनही तेच घडतं.

यातल्या काही आजारांवर उपचार आहेत, हे तर सगळ्यात बोचणारं. पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, जास्त मात्रेत दिल्याशिवाय ज्यांचे झटके थांबतच नाहीत अशी नवजात बाळं असतात. या आजाराचं वर्णन १९५४ पासून वैद्यकीय ग्रंथांत आहे आणि औषध अत्यंत स्वस्त आहे. पुढे मुलाला शिकायला, बोलायला अडचणी राहू शकतात, पण मूल जगतं. पहिलं बाळ 'गुदमरून' गेलं असं नोंदवलं, तर दुसऱ्याच्या वेळी हे इंजेक्शन कुणाला आठवेल? मॉलिब्डेनम कोफॅक्टरच्या एका प्रकारावरही औषध निघालं आहे. अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ते मेंदूला इजा होण्याआधी, पहिल्या काही दिवसांत सुरू करावं लागतं. एवढ्या लवकर ते मिळण्याची शक्यता कुणाला? ज्याच्या आधीच्या भावंडाचं निदान झालेलं आहे, त्याला.

जी बाळं जगतात त्यांच्याविषयीही बोललं पाहिजे, कारण जनुकीय तपासणी म्हटलं की आपल्याकडे लगेच गर्भपात एवढाच अर्थ घेतला जातो. १९६९ मध्ये मारी जूबेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलमध्ये एका फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबातल्या चार भावंडांचं वर्णन केलं. अंग सैल, डोळे थरथरणारे, मधूनच धाप लागल्यासारखा भरभर श्वास, आणि लहान मेंदूचा मधला भाग घडलेलाच नाही. हाच जूबेर सिंड्रोम. मेकेल-ग्रूबरच्याच कुळातला, काही जनुकं तर दोन्हींत तीच. पण इथे मुलं जगतात. उशिरा का होईना, कित्येक जण चालतात, बोलतात, शाळेत जातात. त्यांच्यातल्या काहींची मूत्रपिंडं मात्र वाढत्या वयात हळूहळू निकामी होतात, काहींची नजर जाते, काहींच्या यकृतावर परिणाम होतो. निदान झालेलं असेल तर दरवर्षी रक्त, लघवी आणि डोळे तपासून वेळीच सावध होता येतं. निदान नसेल तर त्या मुलाला 'मतिमंद' म्हणून एका कोपऱ्यात बसवलं जातं, आणि बारा-तेराव्या वर्षी मूत्रपिंडं थकल्यावर अचानक डायलिसिसपाशी आणलं जातं. इथे निदान हे त्या मुलाच्या जगण्याचं साधन आहे.

म्हणूनच अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी मंडळी या विषयावर जी भीती बोलून दाखवतात, ती मी मनापासून ऐकतो. तपासण्या वाढल्या की समाज 'असली' मुलं नकोतच म्हणू लागेल, ही भीती निराधार नाही. गर्भलिंगनिदानाचा इतिहास आपल्यासमोर आहे. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राला करावा लागला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. पण अज्ञान ठेवून त्या मुलांचं रक्षण होत नाही. जूबेर आणि मेकेल-ग्रूबर यांतला फरक ज्या आईबापांना कुणी समजावून सांगितलेलाच नाही, ते दोन्ही वेळा घाबरूनच निर्णय घेणार. समुपदेशकाने सगळं सांगावं, वेळ द्यावा, आणि निर्णय त्या जोडप्यावर सोडावा. कुणी पुढचं मूल होऊ देणार नाही, कुणी दत्तक घेईल, कुणी चारांत तीन या भरवशावर पुढे जाईल, कुणी गर्भाची तपासणी करून घेईल. यातला कोणताही रस्ता सरकारने ठरवून देऊ नये.

ज्यांना गर्भाची तपासणी हवी आहे, त्यांच्यासाठी पहिल्या बाळाचं निदान म्हणजे हाती आलेले आठवडे. मेकेल-ग्रूबरमध्ये मूत्रपिंडं लघवी तयार करत नाहीत. साधारण सोळाव्या आठवड्यानंतर गर्भाभोवतालचं पाणी मुख्यतः गर्भाच्या लघवीचंच असतं, त्यामुळे ते आटतं, आणि पाणी आटलं की सोनोग्राफीत चित्र धूसर दिसतं. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान मात्र कवटीतली फट, बोटं, मूत्रपिंड स्पष्ट दिसू शकतात. काय शोधायचं हे पाहणाऱ्याला माहीत असेल तर. पहिल्या बाळातलं जनुक सापडलेलं असेल, तर याच सुमारास वारेचा कण घेऊन पक्कं उत्तरही मिळतं. घराण्यात आनुवंशिक आजार असताना अशी तपासणी करायला गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने मुभा ठेवलेली आहे. कायदा आडवा येतो हा पुष्कळांचा गैरसमज आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं, तर गर्भपाताला चोवीस आठवड्यांची मर्यादाही लागू होत नाही. २००८ मध्ये असाच प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या जोडप्याला वीस आठवड्यांच्या तेव्हाच्या मर्यादेमुळे नकार ऐकावा लागला होता. त्या मानाने कायदा पुढे आला आहे. पण सातव्या महिन्यात मंडळासमोर उभं राहणं आणि बाराव्या आठवड्यात घरी बसून विचार करता येणं, यांत त्या बाईच्या शरीराला आणि मनाला केवढा फरक पडतो!

नात्यातल्या लग्नांबद्दल न बोलता हा विषय पुरा होत नाही. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडच्या कित्येक समाजांतली जुनी रीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीप्रमाणे देशात सुमारे ११ टक्के लग्नं नात्यातली असतात. तमिळनाडू आणि कर्नाटकात चारांत एकाहूनही जास्त. आते-मामे भावंडांच्या जनुकांपैकी सरासरी एक अष्टमांश सारखी असतात, त्यामुळे एकच बिघाड दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. किती वाढते? कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता २ ते ३ टक्के धरली, तर अशा जोडप्यांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे नव्वदाहून अधिक टक्के बाळं निरोगी. हे दोन्ही आकडे एकत्रच सांगायला हवेत. वॉर्डात सगळ्यांसमोर "नात्यात कशाला केलंत लग्न?" असं झापलं, की ते जोडपं पुन्हा तिथे पाऊल ठेवत नाही. आणि नातं नसलं म्हणून सुटका होते असंही नाही. शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं होत आल्यामुळे कित्येक समाज थोड्याशा पूर्वजांपासून वाढलेले आहेत, आणि त्या पूर्वजांतला एखादा बिघाड समाजातल्या अनेकांच्या अंगात उतरलेला असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांमध्ये हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आढळला. इंग्लंडमधल्या लेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबांत मेकेल-ग्रूबरचं प्रमाण सुमारे १३०० जन्मांमागे एक एवढं दिसलं होतं. फिनलंडमध्ये ते ९००० मागे एक आहे. गुजराती समाजाची एवढी मोठी वस्ती असलेल्या मुंबईतल्या प्रसूतिगृहांना हा आकडा पाठ असायला हवा. इतर समाजांचे आपापले वेगळे आजार असणार. ते कळतील कसे? गेलेल्या बाळांची नोंदच झाली नाही, तर कधीच कळणार नाहीत.

सरकारकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली आणि जन्मजात दोष हा त्याच्या यादीतला पहिलाच गट आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये 'उम्मीद' हा आनुवंशिक आजारांसाठीचा उपक्रम सुरू केला. २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक उत्कृष्टता केंद्र झालं, आणि २०२२ मध्ये उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. गोव्याने तर २००८ मध्येच नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ताची चाचणी सरकारी पातळीवर सुरू केली होती. पण या धोरणाची रचना पाहा. आजारांचे तीन गट केले आहेत: एकदाच्या उपचाराने बरे होणारे, आयुष्यभर परवडणारे उपचार लागणारे, आणि ज्यांचे उपचार फार महाग आहेत असे. तिन्ही गटांची अट एकच, उपचार असला पाहिजे. ज्या आजारावर उपचारच नाही, त्याचं बाळ कुठल्याच गटात बसत नाही. प्रतिबंधाविषयी धोरणात चांगले परिच्छेद आहेत, पण पैशाचा ओघ उपचाराच्या दिशेने आहे. इथे निदान हाच काय तो उपचार आहे, आणि तो पुढच्या भावंडासाठी आहे, हे धोरणाला दिसलेलं नाही.

खर्चाचा मुद्दा निघतोच. जनुकांची विस्तृत तपासणी खासगी प्रयोगशाळेत आज साधारण वीस-पंचवीस हजारांच्या घरात होते. खासगी एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं, काही दिवसांचं बिल याहून मोठं असतं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून नवजात बाळाच्या उपचाराला पैसे मिळतात, मग बाळ गेल्यावर त्याच्या निदानाला का मिळू नयेत? आणि ताबडतोब तपासणी करायला पैसे नसतील तर निदान नमुना तरी राखून ठेवावा. रक्त गोठू न देणारा ईडीटीएचा जांभळा बल्ब प्रत्येक प्रसूतिगृहात असतो. बाळाचं किंवा नाळेचं दोन मिलिलिटर रक्त त्यात घेऊन थंड ठेवलं आणि डीएनए काढणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं, की तो डीएनए वर्षानुवर्षं टिकतो. तेही जमत नसेल तर गाळणकागदावर वाळवलेले रक्ताचे चार थेंब पुरतात. ते कपाटात ठेवता येतात. एक चूक मात्र टाळायची. मृत अर्भक तपासणीसाठी थेट फॉर्मलिनमध्ये, म्हणजे शरीर कुजू न देणाऱ्या द्रावणात, बुडवलं, की डीएनएचे तुकडे होतात आणि जनुकीय तपासणी जवळजवळ हातची जाते. आधी रक्त किंवा कातडीचा कण वेगळा काढायचा, मग फॉर्मलिन. हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही, पण सांगितलं नाही तर ते होत नाही.

आईबाप तयार होतील का? शवविच्छेदनाला बहुतेक जण नाही म्हणतात, आणि ते मी समजू शकतो. तान्ह्या बाळाला चिरू देणं कुणाच्या काळजाला झेपेल? पण रक्त घेणं, फोटो काढणं, एक्स-रे आणि सोनोग्राफी करणं यांत चिरफाड नाही. विचारणारं माणूस बाजूला बसून, आजी आणि मावशीलाही सोबत घेऊन, "पुढच्या बाळासाठी हे ठेवू या का?" असं विचारणारं असेल, तर होकार मिळतो, असा माझा विश्वास आहे. घाईत समोर सरकवलेल्या कागदाला नकारच मिळतो. घरातल्या दुसऱ्या मुलींची लग्नं अडतील ही भीती खरी आहे, म्हणून अहवाल फक्त त्या जोडप्याच्या हातात जायला हवा. तो फाइलीतून कुणाच्याही नजरेला पडता कामा नये. त्या मुलींना सांगायचं ते एवढंच, की निरोगी भावंडांपैकी तिघांतली दोघं वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत अंगात असलेली, असू शकतात, वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, आणि लग्न ठरताना समोरच्याची तपासणी केली की शंका मिटते. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला सिकलसेलच्या कामात आशाताई हेच तर समजावून सांगत आल्या आहेत. वाहक आणि रुग्ण यांतला फरक गावातल्या माणसाला कळत नाही, हा शहरात बसलेल्यांचा गैरसमज आहे.

तेव्हा राज्याच्या आरोग्य विभागाने एक साधा आदेश काढावा. मेंदूचा किंवा अनेक अवयवांचा दोष असलेलं, किंवा कारण न कळता झटके येऊन दगावलेलं कोणतंही नवजात बाळ असो, संमती घेऊन फोटो, एक्स-रे, पोटाची आणि डोक्याची सोनोग्राफी आणि रक्ताचा नमुना झाल्याशिवाय फाइल बंद करू नये. प्रत्येक विभागात एका वैद्यकीय महाविद्यालयाने डीएनए राखण्याची जबाबदारी घ्यावी. सहा आठवड्यांनी जोडप्याला, दोघांनाही, भेटीची तारीख द्यावी. फक्त आईला नव्हे. आणि समुपदेशकाची पदं भरावीत. एवढ्या मोठ्या राज्यात आनुवंशिकतेचे तज्ज्ञ मुंबई-पुण्यातच एकवटलेले असतील, तर गडचिरोलीच्या जोडप्याशी निदान व्हिडिओवर बोलण्याची सोय व्हावी.

ज्यांचं बाळ याआधीच गेलं आहे आणि नमुना ठेवलेला नाही, त्यांच्यासाठीही वाट पुरती बंद झालेली नाही. जुनी फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, असेल तर बाळाचा फोटो, वारेची तपासणी झाली असेल तर वारेचा तुकडा बसवलेला, प्रयोगशाळेत राहिलेला मेणाचा ठोकळा, यांतलं जे मिळेल ते घेऊन दोघांनी जनुकीय समुपदेशकाकडे जावं. नवराबायको दोघांच्या रक्तात एकाच जनुकाचा बिघाड सापडला, तर पहिल्या बाळाचं कारण मागाहूनही बऱ्याच अंशी कळू शकतं. फक्त हे पुन्हा दिवस राहण्याआधी करावं. अहवाल यायला कित्येक आठवडे लागतात, आणि सोनोग्राफीत सगळं स्पष्ट दिसण्याचे दिवस थोडे असतात.